सर्पगंधा

(म. हरकी, हिं. छोटा चाँद, सं. सर्पगंधा; लॅ. राउवोल्फिया सर्पेंटिना, कुल : ॲपोसायनेसी). कण्हेर व सदाफुली यांच्या कुलातील लहान बहुवर्षायू क्षुप. उंची साधारणतः ३०–६० सेंमी. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आणि पूर्वेस म्यानमार, इंडोनेशियापर्यंत आढळते. महाराष्ट्रात कोकण व सह्याद्रीच्या दमट वनांत. पाने तीन-चारच्या मंडलांत, भाल्यासारखी, वरून चकचकीत. फुले पांढरी, नळी गुलाबी, देठ तांबडे. फळे पिकल्यावर जांभळट काळी. मूळ वाकडेतिकडे, अत्यंत कडू. औषधी भाग हाच.

नाव व पूर्वेतिहास : प्रजातीचे नाव प्ल्यूम्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ मध्ये लेओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिले. प्राचीन संहितांतील ‘नाकुली’ म्हणजे हीच का, याबद्दल मतभेद आहेत. गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात सर्पदंशावरील एका मुळाचे वर्णन केले आहे. ते सर्पगंधेचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सर्पदंशावरील गुण मात्र सिद्ध झालेला नाही.

रसायन व चिकित्सा : वाळलेल्या मुळात अल्कलॉइडे सुमारे १.५–३ टक्के असतात व त्यांचा बहुतांश सालीत असतो. १९३१ मध्ये सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले गेले. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद यांवरील मुळाच्या उपयोगाची नोंद प्रसिद्ध केली. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील लेखाने. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील या लेखात उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष होते. १९५२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी मुळातील रेसर्पीन हे अल्कलॉइड शुद्ध स्वरूपात मिळवले आणि १९५६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी त्याचे संश्लेषण जाहीर केले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार व १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनलीन, डोपामीन व सेरोटोनीन ज्या सूक्ष्म पिशव्यांत साठतात, त्यांत ही द्रव्ये भरण्याची क्रिया रेसर्पीन रोखते. साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात व रक्तदाब उतरतो. नाक चोंदणे, सुस्ती, जठरव्रण हे दुष्परिणाम होत. औषधाने खिन्नता येते, हे मत पूर्वी सर्वमान्य होते. आता त्याबद्दल दुमत आहे. नवी औषधे आल्यावर वापर पुष्कळ घटला. खिन्नतेचा विकार, जठरव्रण किंवा गर्भारपण असल्यास मूळ घेऊ नये.

लागवड : उष्ण व दमट हवा, थोडी सावली, निचऱ्याची सेंद्रिययुक्त जमीन मानवते; पाणी तुंबल्यास मुळे कुजतात. बियांची उगवण बेभरवशाची असते व बी जुने झाल्यास फारच घटते. म्हणून बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकतात, उरलेले धुऊन रात्रभर भिजवतात व उन्हाळ्याच्या अखेरीस गादीवाफ्यावर पेरतात. पावसाळा स्थिरावल्यावर रोपे सु. ४५ × ३० सेंमी. अंतरावर लावतात. मुळांच्या २.५–५ सेंमी. तुकड्यांपासूनही अभिवृद्धी होते. बी नको असल्यास कळ्या खुडतात, म्हणजे मूळ पोसते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सीमॅप) ‘सिम-शील’ हा वाण दिला आहे.

पीक किमान १८ महिन्यांचे. हिवाळ्यात पाने झडल्यावर हलके पाणी देऊन मुळे खणतात. मुळे धुताना साल खरवडली जाऊ नये, कारण मालाचा कस तिच्यावरच ठरतो. ओलावा ८–१० टक्क्यांवर येईपर्यंत वाळवून हवाबंद साठवतात.

रोग व किडी : पानांवरील ठिपके, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी.

भेसळ : राउवोल्फिया टेट्राफायला या मूळच्या अमेरिकी जातीची मुळे मिसळली जातात.

संरक्षण : मूळ काढले की झाड जाते. बेसुमार खोदाईमुळे रानातील संख्या घटली, म्हणून १९९० पासून ही जाती वन्य जातींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याविना करता येत नाही.