नान-खलिया

पक्वान्न हें शहराहूनहि वयानें वडील असूं शकतें काय? मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेल्या खडकीचें पुढें औरंगाबाद झालें व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण तेथील नान-खलियाची जन्मकथा लोक सांगतात ती मात्र १३२७ ची! महंमद तुघलकानें राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तेव्हां लष्करासाठीं मोठमोठ्या देगांत मांस शिजे व भट्ट्यांतून नान भाजले जात, अशी ती कथा. ती सर्वस्वीं खोटी असेल असें आम्ही म्हणत नाहीं. हजारों तोंडांस पुरावयाचें अन्न असेंच एका भांड्यांत शिजवावें लागतें.

तथापि आजच्या खलियावरील लाल तर्री पाहून आम्हांस शंका येते. मिरची मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांनीं हिंदुस्थानांत आणली, आणि वास्को द गामा कालिकतास उतरला तोच मुळीं १४९८ सालीं. तेव्हां तुघलकाच्या शिपायानें खलिया खाल्ला असलाच, तर तो काळ्या मिऱ्यांचा असावा. आजची ही वाटी त्याच्यापुढें ठेविली असती, तर त्यानें ती ओळखलीहि नसती!

नानची गोष्ट निराळी. आंबविलेली कणीक तप्त भट्टीच्या भिंतीस थापण्यास मिरचीची वाट पाहावी लागत नाहीं. आजहि कुटुंबांतून खलिया घरीं रटरटतो, पण हळदीनें पिवळसर झालेले नान बाजारांतल्या भट्टीवरूनच येतात. तेवढा विस्तव घरच्या चुलीस कोठला?