उसन्या शहाणपणाची कुळकथा

हजेरीपटातून ‘गो’ने सुरू होणारी आणि ‘राव’ने संपणारी नावे काढायला सांगितली, तर शाळेतले कोणतेही पोर गोविंदराव, गोपाळराव चटकन वेचून काढील. मधे काहीही असो! संगणकाला मात्र हे ‘मधे काहीही’ खुणांनी लिहून द्यावे लागते. त्या खुणांच्या लिपीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी पडलो शाळामास्तर आणि कादंबरीकार. पण या लिपीची कुळकथा मला एखाद्या बखरीइतकी रंजक वाटते.

तिचे मूळपुरुष अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी. मज्जातंतूंच्या जाळ्याचा गणिती विचार करताना १९५१ साली त्यांनी ही पद्धत मांडली. ‘कितीही वेळा’ असे सांगणारी तारका आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९६८ साली केन थॉम्सन यांनी तिच्यासाठी शोधाची एक नामी रीत प्रसिद्ध केली. फाटा आला की दोन्ही वाटांनी एकदम माणसे धाडायची; दोघे एकाच नाक्यावर भेटले, तर पुढे एकालाच न्यायचे.

पण प्रत्येक कारागिराने हे यंत्र घरोघर नव्याने का घडवावे? टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८६ साली ते तयार करून सर्वांना मोफत दिले. लॅरी वॉल यांनी ते आपल्या ‘पर्ल’ भाषेत घेतले, वाढवले. केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी १९९७ साली त्याच वळणाचा ‘पीसीआरई’ हा संच रचला आणि तो पीएचपी, अपाची अशा कितीतरी घरी गेला. गावाला एक विहीर लाभली!

परंतु या विहिरीत थॉम्सन यांची रीत नव्हती. इथे एकच माणूस एक वाट शेवटपर्यंत चालणार, चुकली की मागे फिरून दुसरी धरणार. रोजच्या कामाला हे चपळ, सोयीचेही. पण लागोपाठ वीस दुहेरी फाटे आले, तर वाटा होतात दहा लाखांवर! २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीने हल्लेखोरांना अडवण्यासाठी घातलेल्या एका नव्या नियमात ‘मधे काहीही’ची खूण पाठोपाठ आली. मागे फिरता फिरता कंपनीची यंत्रे जगभर दमली आणि तिच्या आधाराने चालणारी असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे अडली.

औषध तर अर्धशतकापूर्वीच छापून झाले होते! त्याच जुन्या विचारावर रस कॉक्स यांचा ‘आरई२’ संच २०१० पासून सर्वांना खुला होता. अपघातानंतर कंपनीनेही वेळेची हमी देणाऱ्या अशा संचाकडे वळण्याचे ठरवले.

दुसऱ्याने खणलेल्या विहिरीचे पाणी पिण्यात कमीपणा नाही. मात्र ती कोणी, कशी बांधली, हे पोहरा सोडण्यापूर्वी विचारावे. इतिहासाचा तास त्यासाठीच असतो, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.