दया आणि हक्क

आपल्या सभांतून एक प्रश्न पुष्कळदा निघतो : गरजूंना मदत करणे हे सरकारचे काम की आपले? वर्धापनदिनाच्या निमित्ताने या प्रश्नाकडे आपल्याच मुलखाच्या इतिहासातून पाहू या.

आपल्या शहरातील पाणचक्की सर्वांनी पाहिलेली आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरविले, ते दर्ग्यातील फकिरांना व यात्रेकरूंना पीठ मिळावे म्हणून. पैठणास एकनाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न उपाशी अस्पृश्यांस वाढले, ही कथाही घरोघर सांगितली जाते. हा वारसा थोर खरा. परंतु तो दात्याच्या मनावर अवलंबून होता. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लोकांना खुली केली. धान्य राज्याचे, पण जोखीम एकट्या दामाजीपंतांची! बादशहाचा हिशेब चुकता करण्यास प्रत्यक्ष विठोबाला बिदरला जावे लागले, अशी आख्यायिका आहे. विठोबा धावला नसता तर?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर दिले. मराठवाड्यात विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली. ज्या कधी परक्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या, अशा शेतकऱ्यांच्या लेकी-सुनाही खडी फोडायला बसल्या. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन माणसांनी दिवस काढले. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ती भीक मागत नव्हती. रस्ते आणि तलाव बांधीत होती.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना याआधीच मांडली होती. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता! खर्चासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, आणि तितकीच भर शासनाने घालावयाची असे ठरले. म्हणजे सरकारची मदत म्हणजे तरी काय? आपणच एकमेकांना दिलेले, कायद्याने बांधलेले वचन. पुढे २००५ मध्ये देशानेही असा कायदा केला.

मग कर भरला की आपले काम संपले काय? नाही. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांची सोय असावी, असे नियमांत होते. परंतु पाणी आले की नाही, मूल उन्हात तर नाही ना, हे पाहावयास नियम स्वतः उठून जात नाही. तिथे माणूसच लागतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तरीही कागदपत्रे जुळत नाहीत म्हणून घरी बसलेली एखादी विधवा आपल्या गल्लीत असू शकेल. तिला सणाला साडी जरूर द्यावी. पण एक दिवस तिच्याबरोबर तहसील कचेरीतही जावे. साडी घेताना तिची मान खाली जाते. हक्काचे पैसे घेताना ती ताठ राहते.

दयेने हक्काला जन्म दिला. आता त्या हक्काचा हात धरून त्याला दारापर्यंत पोहोचविणे, हे आपल्या मंडळाचे काम आहे.