दिवाणाखालचे खण

परवा सुतारकाकांना बोलावलं होतं. हॉलमधला दिवाण दाखवून म्हटलं, याचं वरचं झाकण नको, पुढून खण करून द्या. त्यांनी दिवाणावर टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, एवढा भक्कम माल, आणि कापायचा?" त्यांना काय सांगणार? कारण सुरू होतं ते थेट इंग्लंडमधल्या एका कालव्यात. त्यांना नाही सांगितलं, तुम्हाला सांगते.

२०१९ च्या जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे नॉर्दॅम्प्टनला आले होते. आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की आठवडाभर नॅरोबोट भाड्याने घेऊन ग्रँड युनियन कालव्यातून हिंडायचं. नॅरोबोट म्हणजे आगगाडीचा डबा पाण्यात सोडावा तशी लांबलचक, पण रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच. मीही हौसेने सगळं सामान नीटनेटकं आई-बाबांच्या पलंगाखाली लावून टाकलं. त्यात आईची औषधांची पिशवीही गेली.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आईला धाप लागली. उशाशी असलेला पंप संपलेला. नवा होता पिशवीत, पिशवी पलंगाखाली, आणि पलंगावर आई! अख्खी गादी एकसंध, तिच्याखाली प्लायवूडची एकच मोठी फळी, फळीला बोटं घालायला दोन भोकं. दम्याने वाकलेल्या आईला उठवून बोळात उभं केलं, बाबांना स्वयंपाकघरात पिटाळलं, गादी भिंतीला टेकवली. ती दोनदा माझ्याच डोक्यावर पडली. पंप हातात यायला पाच मिनिटं लागली असतील. आई बोळाच्या भिंतीला धरून उभी होती आणि मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. त्या पाच मिनिटांबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टोक ब्रुअर्नला थांबलो. तिथे जुन्या धान्याच्या गिरणीत १९६३ पासून कालव्यांचं संग्रहालय आहे. आई बाहेर बाकावर बसून बदकांना पाव घालत होती (घालू नये म्हणतात, पण तिला कोण सांगणार). आत मालवाहू बोटीच्या मागच्या खोलीची माहिती वाचता वाचता माझे पाय तिथेच थबकले.

ही खोली सुमारे १० फूट लांब. बाकीची सगळी बोट कोळसा, धान्य, लोखंड यांच्यासाठी, कारण खोली एक फूट वाढली की तेवढा माल कमी. सुरुवातीला बरेच नावाडी किनाऱ्यावर घर ठेवून असत. मग रेल्वे आली, दर पडले, घराचं भाडं परवडेना, आणि कित्येकांनी बायको-मुलांसकट बोटीतच संसार थाटला. बिनपगारी खलाशी आपोआपच मिळाले.

एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं कसं? आत उतरायची पायरी म्हणजेच कोळशाची पेटी. चुलीशेजारच्या कपाटाचं दार खाली पाडलं की ते जेवायचं टेबल. त्याच्या पलीकडचं मोठं कपाट उघडून त्याची फळी समोरच्या बाजूला टेकवली की बोटीच्या आडव्या रुंदीत आई-बापांचा पलंग. सकाळी अंथरूण गुंडाळून कपाटात, फळी वर, दार बंद. एका बाजूला लांब बाक, त्याच्यावर मुलं झोपायची आणि बाकाखाली सामान.

तिथे माझ्या ध्यानात आलं की आमची रात्रीची अडचण या लोकांना फारशी आलीच नसेल. ज्यांचा पलंग दिवसा नाहीसा होतो, त्यांच्या सामानावर दिवसभर गादी बसून राहत नाही. आपल्या चाळीतही गाद्यांची वळकटी व्हायची ना, तसंच.

पण याचा अर्थ ते सुखात होते असा मुळीच नाही. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी १८७५ मध्ये या मुलांच्या हलाखीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी बरंच भडक रंगवलं असं नंतरच्या अभ्यासकांचं मत आहे, पण त्यांच्या धडपडीतून १८७७ चा कालवा-बोटींचा कायदा आला. बोटींची नोंदणी राहण्याची जागा म्हणून व्हायला लागली आणि किती जणांनी राहायचं ते ठरलं. बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट हवा, त्याखालच्या मुलाला ४०. साठ घनफूट म्हणजे ३ फूट रुंद, ४ फूट लांब, ५ फूट उंच. आमचं गोदरेजचं कपाट बरंच रुंद केलं तर एवढं होईल. सरकारने माणशी हवा मोजली. भांडी, कपडे, आजाऱ्याचं औषध कुठे ठेवायचं, ते त्या घरच्या बाईने बघायचं.

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि आधीच मोडकळीला आलेली नॅरोबोटींची मालवाहतूक बहुतेक संपली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने बरेच कालवे सहलीच्या बोटींसाठी राखले. माल गेला आणि त्याची जागाही खोल्यांना मिळाली. मग कायमचा पलंग आला, चार फुटी, एका कडेला लांबीत, बाजूला जेमतेम दोन फुटांचा बोळ. कायमचा पलंग आला की त्याच्या पोटात सामान आलंच, आणि वर झोपलेल्या माणसाला उठवल्याशिवाय ते काढायचं कसं हा प्रश्नही.

यावर बोटवाल्यांनी उपाय काढलेत, नाही असं नाही. फळीचे दोन-तीन तुकडे करायचे, म्हणजे पायाकडचा भाग निराळा उचलता येतो. मोटारच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे लावायचे, म्हणजे झाकण वरच्या वर राहतं, डोक्यावर पडत नाही. (हे वाचून मी केवढा उसासा सोडला असेल!) अखंड फळीऐवजी पट्ट्या ठोकायच्या, कारण थंड बोटीत गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते. जड वस्तू एकाच कडेला भरायच्या नाहीत, नाहीतर बोट कलते. पण मला सगळ्यात पटलं ते बोळाच्या बाजूने उघडणारे खण. बोळ आहेच, खण त्यात बाहेर येतो, झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

आमची भाड्याची बोट या सगळ्यापासून अलिप्त होती. असो.

आता आई आमच्याकडेच असते आणि दुपारी त्या दिवाणावरच पडते. सुतारकाका दोन दिवस कुरकुरले, पण तीन खण छान झालेत, चॅनेलवर सुळसुळ सरकतात. पहिला खण मी मुद्दाम तिच्या औषधांसाठी रिकामा ठेवला आणि तिला उघडून दाखवला.

तिने दोनदा उघड-बंद करून पाहिला, कौतुक केलं, आणि म्हणाली, "यात माझ्या लोकरीचे गुंडे ठेव गं. पंप मी उशीखालीच ठेवणार."