एका घरातलं सोवळं

मित्रहो, मागच्या वेळी आपण मिशनच्या शाळा, छापखाने, दवाखाने पाहिले. आज एका घरात जायचंय. ख्रिस्ती माणसाला शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलेली आहे. पण सगळ्यात जवळचा शेजारी कोण? घरातलंच माणूस. आणि तिथंच हे सगळ्यात अवघड जातं.

1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. पुढे तो वाचताना टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. वैऱ्यावरसुद्धा प्रीती करा, ही शिकवण काही त्यांच्या मनातून जाईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथं जरा थांबू या. वैऱ्यावर प्रीती करायला निघालेल्या या माणसानं स्वतःच्या बायकोला बरोबर घेतलं नव्हतं! लक्ष्मीबाईंना बातमी कळली ती सगळं झाल्यावर. नातेवाइकांनी त्यांना पंढरपूरला नेलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा हयात, पण समाजाच्या लेखी नसल्यासारखा. अशी काही वर्षं गेली. टिळकांना मी मोठा कवी मानतो, पण इथं त्यांची बाजू मला घेता येत नाही.

पुढे नवराबायको नगरला पुन्हा एकत्र आली. एकत्र म्हणजे कसं? लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात त्यांचं सोवळं चालूच होतं, दुसऱ्याच्या हातचं पाणीदेखील चालत नव्हतं. आणि टिळक तर शीघ्रकोपी! तरी ‘तूही बाप्तिस्मा घे’ म्हणून त्यांनी सक्ती केली नाही. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. रखमाबाईंच्या खटल्यात 1887 साली मुंबईच्या न्यायालयानं सरळ सांगितलं होतं, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. नवऱ्याचा हक्क एवढा मोठा होता, आणि हा नवरा बायकोचं सोवळं सांभाळत बसला होता.

बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारानं. माणूस देवानं केला, मग जात कुणी केली? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला आणि त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. हा क्रम लक्षात ठेवा, आधी पाणी आणि मग चर्च. पुढे अनाथ मुलंही या घरात आली.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. हा धडा त्यांना घरातच मिळाला असावा, असं आपलं मला वाटतं. पुरावा मागू नका.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, ‘लक्ष्मीबाईंनी त्यांना माफ केलं का?’ आता काय सांगू! ‘स्मृतिचित्रे’ वाचा. टिळकांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांचा उधळा हात, बाईंनी काही म्हणून झाकलेलं नाही. आणि सांगताना त्या हसतात. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला शिकवलं होतं ते टिळकांनीच.