मेमरी संपली की लिनक्स कुणाला मारतं? आणि मारणं इतकं अवघड का?

वेबसाइट अचानक बंद पडते. सर्व्हर चालू, पण डेटाबेस गायब! लॉग उघडला की एक ओळ सापडते, ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’.

हे काम ओओएम किलरचं. रॅम पूर्ण भरली आणि कुठूनच जागा निघेना, की लिनक्सचा कर्नल सगळ्या प्रोसेसना गुण देतो. जी जास्त मेमरी खाते तिला जास्त गुण, आणि तिचाच नंबर लागतो. म्हणून बऱ्याचदा डेटाबेसच बळी जातो. (एखादी प्रोसेस वाचवायची असेल तर तिला आधीच -1000 हा आकडा देता येतो.)

पण मारण्याचा आदेश मिळाला म्हणजे प्रोसेस लगेच मरते असं नाही. समजा, ती एका लॉकसाठी थांबली आहे. तो लॉक दुसऱ्या प्रोसेसकडे आहे आणि ती दुसरी मेमरीसाठी थांबली आहे. मेमरी सुटणार पहिली मेल्यावर! हाच डेडलॉक. अख्खं मशीन गोठतं.

2016 मध्ये लिनक्स 4.6 सोबत यावर ओओएम रीपर आला. हा कर्नलचा वेगळा थ्रेड आहे. प्रोसेस मरायची वाट न पाहता तो तिची खासगी मेमरी काढून घेऊ लागतो. त्यालाही एक लॉक लागतोच, पण तो अडून बसत नाही. थोडं थांबून काही वेळा प्रयत्न करतो, नाहीच जमलं तर नाद सोडतो. मग कर्नल दुसरा बळी शोधायला मोकळा.

आता एकाच मेमरीवर दोघांचे हात आले. एकीकडे रीपर पानं काढतोय, दुसरीकडे मरणारी प्रोसेस स्वतःच आवराआवर करतेय. रॅममध्ये पक्की धरून ठेवलेली मेमरी असेल, तर प्रोसेस ती ‘पक्की’ ही खूण आधी पुसायची आणि पानं नंतर सोडायची. मधल्या क्षणात रीपरला वाटायचं, ही पानं मोकळी आहेत. परिणाम? थेट कर्नलच कोसळायचा. 4.14 ते 4.16 या आवृत्त्यांमधली ही चूक सीव्हीई-2018-1000200 या क्रमांकाने नोंदली गेली.

दुरुस्तीत फक्त क्रम बदलला. प्रोसेस आधी स्वतःच मेमरी रिकामी करते, रीपरसाठी ‘इकडे येऊ नको’ अशी खूण ठेवते, तो आत असेल तर बाहेर पडेपर्यंत थांबते आणि मगच पक्की पानं सोडते.