भिंतीतली पुंजी

आमच्या उमरगा-लोहारा भागात घरासाठी पुंजी जमवायची म्हणजे पूर्वी दारात दगड साठवायचे. एका सुगीला पाया, पुढच्या सुगीला भिंत, मग माळवद. जाड भिंत हीच घराची पत.

गणपती विसर्जनाची रात्र सरली आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या त्याच भिंती सास्तूरसारख्या गावांत माणसांवर कोसळल्या.

स्थलांतरित गावांत शासनाने जमिनीच्या हिशेबाने घरे दिली. १ हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. भूमिहीनालाही २५० फुटांचे पक्के घर मिळाले, हे थोडे नव्हे. पण मजुरीतून पै-पै साठवून ज्याने भिंती उभ्या केल्या होत्या, त्याच्या पुंजीसाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता.